परवाना डिझायनरला नको, नोंद तोडफोडीची हवी

गणपती गेले की शहरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एक ठरलेलं भांडण सुरू होतं. दिवाळीच्या आत घर ‘करून घ्यायचं’ असतं, त्यामुळे एकाच वेळी चार फ्लॅटमध्ये काम निघतं. मग ग्रुपवर एक पक्ष म्हणतो, घर माझं, हप्ते मी भरतो, आत मी काय करायचं हे कमिटीनं का ठरवावं? दुसरा म्हणतो, दुपारी दोन ते चार भिंत फोडायचा ब्रेकर बंद ठेवा, लिफ्टमधून प्लायवूड नेऊ नका, डेब्रिजच्या गोण्या जिन्यात रचू नका. हल्ली यात तिसराही पक्ष उतरलाय, तो म्हणजे पदवीधर इंटीरिअर डिझायनर. त्यांचं म्हणणं, आर्किटेक्टना जशी नोंदणी करणारी कौन्सिल आहे तशी आम्हालाही द्या. चार कपाटं ठोकली की कोणीही ‘डिझायनर’ म्हणून पाटी लावतो, हे थांबवा. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आणि तिघंही मुद्दा सोडून भांडताहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घराचा किंवा दुकानाचा आतला भाग सजवणं ही खाजगी बाब आहे आणि ती खाजगीच राहावी. पण ‘इंटीरिअर’ या नावाखाली आज जे काम चालतं, त्यातला एक भाग सजावटीचा नसतोच. भिंत पाडणं, संडास-बाथरूमची जागा हलवणं, स्लॅबवर वजन वाढवणं, विजेचा भार दुप्पट करणं, बाहेर पडायची वाट अडवणं, ही कामं शेजाऱ्याच्या डोक्यावर आणि पायाखाली चालतात. तेवढ्या कामांसाठी सहीचा नकाशा सक्तीचा हवा, आणि सही करणारा नावानिशी जबाबदार हवा. बाकी पडदे, रंग, कपाटं, मॉड्युलर किचन यांत कमिटीनं नाक खुपसू नये, सरकारनं तर मुळीच नाही. आणि डिझायनर पदवीधर आहे की दहावी नापास, हा प्रश्न दुय्यम आहे.

हे शेवटचं वाक्य डिझायनर मंडळींना झोंबेल, म्हणून त्यांच्या मागणीचं आधी बघू. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानं ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवली. काम मात्र राखून ठेवलं नाही. नोंदणी नसलेल्या माणसानं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणं गुन्हा, पण इमारतीची आखणी करायला त्या कायद्यानं त्याला बंदी नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केला. म्हणजे ज्या कौन्सिलचा दाखला दिला जातो, ती मुळात पाटीचं रक्षण करते. इंटीरिअर डिझायनरना तशीच कौन्सिल मिळाली तर काय होईल? सुतार पाटीवरचा शब्द बदलेल आणि भिंत पाडतच राहील.

शिक्षणाची किंमत मी कमी लेखत नाही. हॉस्पिटलच्या वॉर्डात दोन खाटांमध्ये अंतर किती, वर्गाच्या शेवटच्या बाकावर उजेड किती, पाच फुटी बाईनं ज्या ओट्यावर आयुष्य काढायचं त्याची उंची किती, हे शिकलेल्या माणसाला जास्त चांगलं कळतं. ऑफिसच्या आखणीत तर शिकलेला आणि न शिकलेला हा फरक दारातून आत शिरताच जाणवतो. पण तीस वर्षं घरं उभी करणाऱ्या मिस्त्रीला ओलीचा वास येतो, कुठल्या भिंतीवर हातोडा वेगळा वाजतो हे समजतं, आणि तो तुमच्याकडून टक्केवारी घेत नाही. (डिझायनर सुचवेल त्याच दुकानातून लॅमिनेट का घ्यायचं, या प्रश्नाचं उत्तर या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, कौन्सिलच्या मागणीपत्रात ते दिसत नाही, एवढंच.) पदवीनं चव येते, शिस्तही येते. जबाबदारी येतेच असं नाही. ती यायला कागद लागतो.

जबाबदारी नसली की काय होतं याची यादी आपल्याकडे पुरेशी लांब आहे. दिल्लीच्या उपहार थिएटरात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली. आग तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लागली हे सगळ्यांना आठवतं. बाल्कनीतली बरीच माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हे कमी जणांना आठवतं. खुर्च्या वाढवल्या होत्या, वाटा अरुंद झाल्या होत्या आणि मालकांच्या आठ खुर्च्यांच्या खास बॉक्सनं उजवीकडचा दरवाजाच बंद झाला होता. आठ खुर्च्या कुठे मांडायच्या, हा शुद्ध अंतर्गत आखणीचा निर्णय आहे. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर १४ जण गेले. गच्चीवरच्या रेस्तराँच्या सजावटीचं जळाऊ सामान क्षणात पेटलं, आणि बाहेरची वाट न सापडलेले कित्येक जण टॉयलेटमध्ये गुदमरले. गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये डिसेंबर २०२५ मध्ये २५ बळी गेले, त्यांतले बहुतेक तिथेच काम करणारे कर्मचारी होते. दर वेळी आपण मालकाला शिव्या घालतो, अधिकाऱ्याला निलंबित करतो आणि सजावटीचा विषय ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून सोडून देतो. छत कशाचं, पडदा कशाचा, स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या वाटा किती, हे कोणी ठरवलं? त्या माणसाची सही कुठल्या कागदावर आहे?

धंद्याच्या जागांसाठी निदान कायदा तरी आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार मालकानं दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. मात्र हा दाखला बंबांचा, पंपांचा, स्प्रिंकलरचा. मधल्या सहा महिन्यांत नवं ‘थीम’ आलं, फॉल्स सीलिंग खाली उतरलं, स्प्रिंकलरचं तोंड झाकलं गेलं, तर त्या बदलाचा वेगळा कागद सहसा निघतच नाही. रेस्तराँचं रूप तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं.

राहत्या इमारतींचं दुखणं निराळं आहे, कारण तिथे झीज रोज होते. घाटकोपरची चार मजली सिद्धी-साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला, असा आरोप झाला. त्याआधी चार वर्षं, सप्टेंबर २०१३ मध्ये, डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली, बळी ६१. ती महापालिकेची स्वतःची, राहणारे पालिकेचेच कर्मचारी, आणि तिथेही तळमजल्याच्या गोदामातल्या फेरफारांकडे बोट दाखवलं गेलं. दोन्ही ठिकाणी वर राहणाऱ्यांनी काहीही तोडलं नव्हतं. ‘माझं घर, माझी मर्जी’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की हे वाक्य वरच्या मजल्यावरच्यांनाही तितकंच लागू होतं, आणि त्यांची मर्जी जिवंत राहायची होती.

‘पण आमची इमारत नवी आहे’, हे उत्तर ठरलेलं. नव्या इमारतीत तर धोका जास्त फसवा आहे. आपल्या मनात अजून जुनं गणित बसलंय: खांब आणि तुळया भार घेतात, मधल्या भिंती नुसत्या विटांच्या, त्या पाडल्या तर काय बिघडतं? विटांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं होतं. आता मोठ्या संकुलांमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात अख्खा मजला एकदम ओततात. बांधकामवाले त्याला मिवान म्हणतात. त्यात दोन बेडरूममधली भिंतसुद्धा काँक्रीटची असते, आत सळ्यांची जाळी असते आणि ती भिंतच भार वाहते. अशा फ्लॅटमध्ये हॉल मोठा करायला घेतलेला मी पाहिलाय. ब्रेकरनं वरची सफेदी उडाली, मग राखाडी काँक्रीट, मग बोटभर सळई. कामगारानं मान वर करून विचारलं, ‘सेठ, इसमें सरिया है।’ ठेकेदार फोनवर बोलत होता. त्यानं हातानंच खूण केली, काप. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या उडाल्या, आणि पुढच्या दोन दिवसांत त्या जागी प्लायवूडची सुबक कमान उभी राहिली, आतून दिवे लावलेली. त्या घराच्या वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनी कमानीचं कौतुक केलं असणार. वर मजले किती होते, ते मी मोजायचं टाळलं.

यात दोष कोणाचा? कामगाराचा तर नाहीच, त्यानं विचारलं होतं. मालकाला भिंत कशाची आहे हे ठाऊक नव्हतं. बिल्डरनं पझेशनच्या वेळी दिलेल्या फाइलीत कुठेतरी ‘भिंतींना धक्का लावू नये’ असं वाक्य होतं, सत्तर पानांमध्ये. रेरा कायद्यात रचनेतल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर पाच वर्षं असते. पण चार फ्लॅटधारकांनी भिंती कापल्या की बिल्डरला हात झटकायला आयतं निमित्त मिळतं आणि भिंत न कापलेल्या चाळीस जणांचाही दावा लंगडा पडतो.

पाण्याची आणि विजेची कहाणी याच जातीची, म्हणून थोडक्यात सांगतो. बाथरूमची जुनी फरशी फोडताना खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं, कोबा परत नीट होत नाही, आणि सहा महिन्यांनी खालच्या घराच्या छताला पोपडे येतात. मग दोन कुटुंबं दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दिव्यांसाठी टाकलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर गीझर जोडायचा, एसीसाठी जोड मारायचा, सगळं फॉल्स सीलिंगच्या आत झाकायचं आणि मंजूर भार वाढवून घ्यायचाच नाही, हे तर इतकं सर्रास चालतं की त्याला चूक म्हणायचीही लाज वाटावी.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. पहिला मुद्दा खाजगीपणाचा, आणि मराठी माणसाला त्याचा इतिहास सांगायला नको. १८९७ मध्ये प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर पुण्यातल्या घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, सामान बाहेर फेकलं. लोकांचा संताप रास्त होता, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तो संताप कुठवर गेला होता ते इंग्रजांना कळलं. सरकारला घराच्या आत बोलावताना शंभरदा विचार करावा, हा धडा मला मान्य आहे. पण त्याच साथीचा दुसरा धडा आपण विसरतो. मुंबईत अंधाऱ्या, कोंदट खोल्यांचं काय करायचं हा प्रश्न खराच होता. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्यानंही पाडापाडीत गरिबांना बेघर केलं, ते कोणी विसरू नये. पण त्यानं पुढे एक नियमही रूढ केला: समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात उजेड खोलीत पोचला पाहिजे. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींमध्ये आजही दुपारी दिवा न लावता वाचता येतं, त्यामागे असले नियम आहेत. सोजीर घरात शिरला तो एक मार्ग. घराबाहेर उभं राहून फक्त एक कोन मोजला, तो दुसरा. दोन्हींना एकच ‘सरकारी हस्तक्षेप’ म्हणायचं का? मी मागतोय तो दुसरा मार्ग. तुमच्या शयनगृहाचा रंग कोणी बघणार नाही. कुठली भिंत जाणार, एवढंच कळवायचं.

दुसरा मुद्दा चिरीमिरीचा, आणि तो माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. परवानगी म्हटली की वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या, मधला माणूस, पाकीट. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३४२ आहेच. बांधकामात बदल करायचा तर आयुक्तांना नोटीस द्या, घर राहण्याजोगं ठेवण्यापुरत्या दुरुस्त्यांना सूट. म्हणजे नियम आहे, तरी आज किती जण ती नोटीस देतात? देत नाहीत, कारण दिली की कोणीतरी ‘पाहणी’ला येतो. न देणारा सुखी, देणारा अडकलेला. नव्या परवानगीनं हेच वाढेल, असं म्हणणाऱ्याला मी खोडून काढू शकत नाही. म्हणूनच मी परवानगी मागत नाही, नोंद मागतोय. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहून सही केलेला एक पानी नकाशा सोसायटीत आणि पालिकेच्या पोर्टलवर जमा करायचा, पोच मिळाली की काम सुरू. मंजुरीची वाट नाही, साहेबाची भेट नाही. इंजिनिअर पैसे घेऊन डोळे मिटून सही करेल? काही जण करतील. स्ट्रक्चरल ऑडिटचे शिक्के कसे मिळतात हे मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण खोट्या सहीलाही एक गुण असतो: ती सापडते. आज इमारत पडली की कोणी काय तोडलं हे ढिगाऱ्यातून आणि शेजाऱ्यांच्या आठवणीतून शोधावं लागतं. ज्याला आपलं नाव फाइलीत वीस वर्षं राहणार हे माहीत आहे, त्याचा हात सही करताना एकदा तरी थबकतो.

तिसरा मुद्दा गरिबांचा. डिझायनर, नकाशा, सही ही भाषा टॉवरवाल्यांची आहे. १६० चौरस फुटांच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत तीन पिढ्या राहिल्या त्या पोटमाळ्याच्या जिवावर, त्यांनी इंजिनिअर कुठून आणायचा? हे अगदी बरोबर आहे. पोटमाळा ही हौस नव्हती. लग्न झालेल्या मुलाला आडोसा देण्याचा तो एकमेव मार्ग होता. आणि खरं सांगायचं तर जागेच्या आखणीतली अक्कल या शहरात कुणी दाखवली असेल तर ती याच बायाबापड्यांनी: दिवसा दिवाणाखाली सरकणारी गादी, दारामागे घडी होणारं टेबल, मोरीवरची फळी. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचं क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि मग ३०० वर गेलं, तरी आतली आखणी करताना या अनुभवाला कोणी विचारलं नाही. पण म्हणून जुन्या चाळीत, जिथे भिंतच भार घेते, तिथे नोंद नको असा निष्कर्ष निघत नाही. उलट तिथे तपासणी फुकट हवी असा निघतो. पालिका आणि म्हाडा पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या लावतात. त्याऐवजी वर्षभर वॉर्डात एक इंजिनिअर बसवला, जो येऊन सांगेल की ‘इथे माळा घाला, तिथे नको’, तर यादी लहान होईल.

‘हे परदेशात चालतं, इथे नाही’, असंही ऐकू येतं. सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये राहतात. तिथे भिंत पाडायला परवाना लागतो, मंडळाच्या यादीतलाच ठेकेदार लागतो, आणि नव्या घरात पहिली तीन वर्षं बाथरूमची फरशी फोडता येत नाही, कारण खालचं वॉटरप्रूफिंग. इंग्लंडमध्ये १९९६ चा सामायिक भिंतीचा कायदा आहे. भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. सिंगापूरची कडक शिस्त मला नकोशी वाटते, तिथला मालक मुळात मंडळच आहे. इंग्लंडचा मार्ग मात्र आपल्याला जवळचा आहे, कारण तो सरकारपेक्षा शेजाऱ्याला महत्त्व देतो. आपल्याकडे शेजाऱ्याला पेढे मिळतात, नोटीस मिळत नाही.

शिवाय ही नोंद घर विकताना पुढे जायला हवी. आपण सेकंडहँड गाडी घेताना सर्व्हिसचं बुक मागतो आणि ऐंशी लाखांचा फ्लॅट घेताना ‘फर्निचर सोडून जाणार का’ एवढंच विचारतो. आधीच्या मालकानं बाल्कनी आत घेताना काय कापलं, हे कळायचा काही मार्गच नाही. सोसायटीनं ट्रान्सफरच्या कागदांबरोबर या नोंदींची प्रत द्यायची असं ठरलं, तर पुढचा खरेदीदारच सगळ्यात कडक तपासनीस होईल, आणि भिंत न तोडलेल्या घराला दोन पैसे जास्त मिळू लागतील.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये फ्लॅटमधल्या फेरफारांसाठी कमिटीची परवानगी आजही लागते. पण बहुतेक एनओसीचे फॉर्म काढून बघा: कामगारांच्या आधारकार्डाची प्रत, लिफ्टचं डिपॉझिट, डेब्रिजचे पैसे, कामाची वेळ, सगळं विचारलेलं असतं. कुठली भिंत पाडणार, ती विटांची की काँक्रीटची, बाथरूमची फरशी फोडणार का, विजेचा भार किती वाढणार, हे चार प्रश्न त्यात नसतात. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते, म्हणजे कामं निघण्याच्या ऐन तोंडावर. हे चार प्रश्न फॉर्ममध्ये घालायचा ठराव त्या सभेत दहा मिनिटांत मंजूर होतो. लिफ्टच्या डिपॉझिटवर तास घालवण्याआधी तो विषय घ्यावा, कारण त्यानंतर कोरम उरत नाही.